किरणोत्सर्गी कचरा आणि कुंपण न मानणारे प्राणी

ट्रायसिटीकर (शनिवार, रात्री ९.१२)

मागे तारापूरच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "अणुकचऱ्याचा माणसाला धोका किती ते सगळे सांगतात, कोल्ह्या-सशांचं कोण बघतं?" नेहमीप्रमाणे चार प्रतिसादांत धागा जैतापूर आणि पक्षीय हाणामारीकडे वळला नि प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. तो उचलून हा वेगळा धागा काढतोय. राजकारणासाठी बाकी संस्थळ मोकळं आहे, इथे नको.

मी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात राहतो, पर्यावरण सल्लागारीत नोकरी करतो. हॅनफर्ड इथून जवळच. नागासाकीवर पडलेल्या बॉम्बमधलं प्लुटोनियम इथलं. १९४३ मध्ये कोलंबिया नदीकाठची साधारण १,५०० चौरस किलोमीटर जमीन सरकारने रिकामी करून घेतली, पुढे तिथे नऊ अणुभट्ट्या चालल्या, आणि त्यातून उरलेला घाण माल १७७ भूमिगत टाक्यांत भरला. सुमारे २१ कोटी लिटर. टाक्या पुरेनात तेव्हा त्यातलं तुलनेने कमी तेज असलेलं पाणी चर खणून जमिनीत सोडलं आणि वर माती लोटली.

मातीचा थर किती द्राव धरून ठेवेल याचं गणित त्या लोकांनी केलं होतं. गणितात बॅजर नव्हता.

१९५० च्या दशकाच्या शेवटी एका बॅजरने (आपल्याकडच्या चांदी अस्वलाचा लांबचा भाऊबंद) अशाच एका बुजवलेल्या चरात बीळ पाडलं. आत किरणोत्सर्गी सिझियम आणि स्ट्रॉन्शियमचे क्षार. हा मुलूख कोरडा, सेजब्रशच्या झुडपांचा. अशा ठिकाणी जनावर मिठाला हपापलेलं असतं. वाट उघडी झाल्यावर जॅकरॅबिट, म्हणजे तिथले लांब कानांचे दांडगे ससे, येऊन ती माती चाटू लागले. चाटून माळावर हिंडले, लेंड्या टाकत गेले. सशांना कायोटींनी (तिथली कोल्ह्यासारखी जनावरं) खाल्लं, शिकारी पक्ष्यांनी खाल्लं, त्यांच्या विष्ठेतून माल आणखी लांब गेला. शेवटी सुमारे १३ चौरस मैलांचा पट्टा नियंत्रित क्षेत्र म्हणून आखावा लागला. पन्नासेक वर्षांनी, २००९ च्या सुमारास, हेलिकॉप्टरला गॅमा मोजणारी यंत्रं बांधून या लेंड्यांचे नकाशे काढले. सरकारी खर्चाने सशाच्या लेंड्या मोजणारं हेलिकॉप्टर! पण दुसरा उपाय नव्हता.

हे एकदाच घडलं असं समजू नका. रशियन थिसल नावाचं काटेरी झुडूप तिथे माजलंय. त्याची मुळं पंधरा-वीस फूट खाली जातात, कॅल्शियम समजून स्ट्रॉन्शियम वर ओढतात, आणि झुडूप वाळलं की देठातून तुटून वाऱ्यावर गडगडत कुंपणापर्यंत जातं. ती गोळा करायला माणसं ठेवलेली आहेत. १९९८ मध्ये माश्यांनी घोळ घातला. धूळ उडू नये म्हणून एका खड्ड्यात जो लेप फवारला होता त्यात साखर होती. माश्या त्यावर बसल्या, मग ऑफिसातल्या कचरापेट्यांवर बसल्या, आणि तो कचरा रिचलंड गावाच्या कचरा डेपोत पोचला. तिथून उकरून परत आणावा लागला. पुढे कुंभारीण माश्यांनी किरणोत्सर्गी चिखलाची घरटी बांधली तो किस्सा वेगळाच.

आता मुद्दा. असे अहवाल मी रोज वाचतो. त्यांत प्राण्याला एकच भूमिका असते: मात्रा 'घेणारा'. मातीत इतके बेकरेल (किरणोत्साराचं माप), अंगात इतके, म्हणून ताशी इतके मायक्रोग्रे (अंगात शोषलेल्या मात्रेचं माप), मर्यादेखाली आहे, पुढचं पान. प्राणी खणतो, चाटतो, स्थलांतर करतो, घरटं बांधतो, म्हणजे तो माल हलवतो, हे परिशिष्टात कुठेतरी. माझ्या मते कचऱ्याच्या बाबतीत हेच आधी यायला हवं.

हिशेबाची पद्धत थोडक्यात. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने भूमिका घेतली की माणसाचं नीट रक्षण झालं तर बाकीच्या जिवांचंही बहुधा होतंच. तीसेक वर्षं जग यावर चाललं. मग लक्षात आलं की कुंपण घातलेल्या जागेत माणूस नसतोच, त्यामुळे माणसाची मात्रा शून्य आणि घुशीची भरपूर. २००८ मध्ये आयोगाने बारा 'संदर्भ' जीव ठरवले: हरीण, उंदीर, बदक, बेडूक, ट्राउट, चपटा मासा, मधमाशी, खेकडा, गांडूळ, पाइन, रानगवत आणि तपकिरी समुद्रशैवाल. प्रत्येकासाठी एक पट्टा, ज्याच्या वर गेलं की विचार करायचा. हरीण, उंदीर, बदक आणि पाइन यांना दिवसाला ०.१ ते १ मिलीग्रे (एक मिलीग्रे म्हणजे हजार मायक्रोग्रे). बेडूक, मासे, गवत, शैवाल यांना १ ते १०. मधमाशी, खेकडा, गांडूळ यांना १० ते १००. सस्तन प्राणी नाजूक, किडे चिवट. युरोपात 'एरिका' नावाची संगणकीय पद्धत आहे, तिची पहिली चाळणी ताशी १० मायक्रोग्रे. त्याखाली असाल तर फाइल बंद.

प्रश्न विचारा, भांडा, फक्त विषयावर राहा.

---

चिमणघास (शनिवार, रात्री १०.०५)

वाचनखूण साठवली. लेंड्यांचं हेलिकॉप्टर भारीच.

एक भाबडा प्रश्न: त्या सशांना काय झालं? मेले? आजारी पडले? की मजेत होते आणि फक्त माळ खराब झाला?

---

धोंडोपंत_ऑनलाइन (शनिवार, रात्री ११.३१)

लेख माहितीपूर्ण, पण बागुलबुवा नको. चाळीस वर्षं वीजक्षेत्रात काढली आहेत म्हणून बोलतो. चेर्नोबिल बघा. जगातला सगळ्यात वाईट अपघात, आणि आज तिथे लांडगे, मूस हरणं, रानडुकरं मनसोक्त हिंडतायत. २०१५ मध्ये बेलारूसच्या बाजूची गणना छापून आली. लांडगे आसपासच्या स्वच्छ अभयारण्यांपेक्षा सातपट! १९९८ मध्ये आणून सोडलेले प्रझेवाल्स्की घोडेसुद्धा वाढले. माणूस हटला की रान फुलतं, मग किरणोत्सार असो वा नसो. तुमच्या हॅनफर्डचंच काय? जिथे सत्तर वर्षं नांगर लागला नाही तिथे आज राष्ट्रीय स्मारक आहे ना?

प्राण्यांना खरा धोका रस्त्यांचा, शेतीचा, कीटकनाशकांचा. त्यावर धागे काढा.

---

मोडीवाचक (शनिवार, रात्री ११.४४)

धोंडोपंत, तुमच्या हिशेबाने प्रत्येक अभयारण्यात एकेक अणुभट्टी फोडायला हरकत नाही. वनखात्याचा पगार वाचेल.

---

ट्रायसिटीकर (रविवार, सकाळी ७.२०)

@चिमणघास, प्रश्न भाबडा अजिबात नाही. शास्त्रज्ञ चार गोष्टी बघतात: मृत्यू, आजारपण, पिल्लं होण्यातली घट, आणि गुणसूत्रांतले बदल. चरावर मुक्काम ठोकलेल्या एखाद्या सशाला जबर मात्रा मिळाली असणार, पण माळावरची सशांची जमात त्याने खचली असं काही नाही. मूल्यांकन बहुतेक वेळा जमातीचं करतात, एकेका जिवाचं नाही. अपवाद दुर्मीळ प्रजातींचा, तिथे एकेक जीव मोजतात. ससा स्वतः तगला, पण त्याने जमिनीतला माल वर आणला. ससे अजून अधूनमधून सापडतात बरं का; नोव्हेंबर २०१० मध्ये ३०० एरिया नावाच्या भागात एक सापडला होता.

@धोंडोपंत, स्मारकाचं खरं आहे. २००० साली 'हॅनफर्ड रीच' जाहीर झालं. अमेरिकेतल्या कोलंबियाचा, भरती-ओहोटी न पोचणारा आणि धरणांतून सुटलेला हा शेवटचा लांब वाहता पट्टा, आणि कोलंबियातल्या चिनूक सॅल्मन माशांची शरदातली सगळ्यात मोठी वीण इथेच. यातली गंमत पुढे सांगतो, कारण तिथे धोका वेगळ्याच गोष्टीचा निघाला.

लांडग्यांबद्दल मात्र थांबा. गणना मान्य. पण 'संख्या वाढली' म्हणजे 'इजा नाही' असा अर्थ काढता येत नाही. शिकार थांबल्याचा फायदा किरणोत्साराच्या तोट्यापेक्षा मोठा होता, एवढंच त्यातून कळतं. तिथल्याच पक्ष्यांवर मोलर आणि मूसो या जोडीने वर्षानुवर्षं काम केलंय आणि त्यांना दूषित जागी पक्षी कमी दिसले. दुसऱ्या गटांनी त्यांच्या मात्रेच्या मोजमापावर आक्षेप घेतले. भांडण अजून मिटलेलं नाही आणि त्याचं मुख्य कारण हेच: कुठल्या प्राण्याला नेमकी किती मात्रा मिळाली ते कुणालाच नीट ठाऊक नसतं. मातीचा एक नमुना घ्यायचा आणि त्यावरून अख्ख्या रानाची सरासरी. २०१९ मध्ये चेर्नोबिलच्या लांडग्यांच्या गळपट्ट्यात जीपीएस आणि मात्रामापक एकत्र बसवून केलेलं काम छापून आलं. एकाच कळपाच्या मुलखात हिंडणाऱ्या लांडग्याची मात्रा जागेनुसार किती वरखाली होते ते त्यात दिसलं. सरासरीच्या भरवशावर काढलेले निष्कर्ष, मग ते कुठल्याही बाजूचे असोत, जपून वापरावेत.

---

पाणकोंबडी (रविवार, दुपारी १२.५०)

मी सेंदाईत असते, तेव्हा फुकुशिमाची भर घालते. इथे २४ ऑगस्ट २०२३ पासून प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडताहेत. हीसुद्धा कचऱ्याची विल्हेवाटच. त्याच्या मूल्यांकनात ट्रायसिटीकरांनी वर दिलेल्या यादीतलेच तीन जीव होते: चपटा मासा, खेकडा, तपकिरी शैवाल. उत्तर मर्यादेच्या कैक पटींनी खाली आलं. ट्रिशियमची (किरणोत्सर्गी हायड्रोजन) कमाल मर्यादा वर्षाला २२ टेराबेकरेल (एक टेरा म्हणजे एक लाख कोटी) आहे, सोडताना लिटरला १,५०० बेकरेलच्या आत. ट्रिशियम अंगात फार साठत नाही, त्यामुळे त्या आकड्याने मला धक्का बसला नाही.

बातमी झाली ती वेगळ्या माशाची. मे २०२३ मध्ये, म्हणजे पाणी सोडण्याच्या आधी, प्रकल्पाच्या बंदरात एक काळा रॉकफिश पकडला. किलोला १८,००० बेकरेल सिझियम. जपानची खाण्याची मर्यादा १००. म्हणजे १८० पट! टीव्हीवर आठवडाभर तेच.

आता हाच मासा एरिकाच्या चाळणीत टाकू. माशाच्या आकाराच्या जिवात सिझियम-१३७ किलोला एक बेकरेल असेल तर आतून मिळणारी मात्रा ताशी सुमारे ०.०००१७ मायक्रोग्रे. गुणिले १८,०००. उत्तर तीनच्या आसपास. चाळणी १० ची. तळाच्या गाळातून बाहेरून मिळणारी मात्रा धरलेली नाही, ती मिळवायला हवी. पण आतल्या हिशेबाने मासा पास, आणि आयोगाच्या चपट्या माशाच्या पट्ट्यापासून (ताशी साधारण ४० ते ४०० मायक्रोग्रे) तर खूपच लांब.

---

मोडीवाचक (रविवार, दुपारी १२.५८)

म्हणजे मासा ठणठणीत, खाणारा गोत्यात?

---

पाणकोंबडी (रविवार, दुपारी १.१५)

@मोडीवाचक, हो, साधारण तसंच. खाण्याची मर्यादा ठरवताना माणसाचं वर्षभराचं बरंचसं अन्न तसलंच आहे असं धरून कर्करोगाची शक्यता मोजतात आणि ती फार खाली ठेवतात. माशाच्या बाबतीत 'वीण कमी होते का' हे मुख्यतः बघतात. या दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका आहेत. टीव्हीवाले एकीचं उत्तर दुसरीला लावतात.

आणि ट्रायसिटीकरांचा मुद्दा इथेही लागू होतो. तो मासा बंदरातल्या जाळ्या चुकवून बाहेर जाऊ नये म्हणून किती खटाटोप चालतो ते इथल्या बातम्यांत दिसतं. माशाला काय होईल याची काळजी नाही, मासा कुठे जाईल याची आहे.

---

बेळगावी_कुंदा (रविवार, दुपारी ३.४०)

मी मँचेस्टरला. इंग्लंडचे दोन किस्से, दोन्ही सेलाफील्डच्या (वापरलेल्या अणुइंधनावर प्रक्रिया करणारा प्रकल्प) परिसरातले.

पहिला कबुतरांचा. १९९८. जवळच्या सीस्केल गावात दोघी बहिणी घराच्या बागेत कबुतरं सांभाळायच्या, शेकड्यांनी. ती कबुतरं दिवसा सेलाफील्डच्या इमारतींवर बसायची आणि संध्याकाळी दाणे टिपायला बागेत. तपासलं तर अंगावर आणि अंगात किरणोत्सर्गी माल. सरकारने दहा मैलांच्या परिघातली कबुतरं खाऊ नका असं जाहीर केलं, पक्षी मारले, बागेतली माती उचलली. मेलेली कबुतरंच कमी पातळीचा कचरा होऊन बसली! फाइलमध्ये 'जोखीम कुणाला' या रकान्यात काय लिहिलं असेल कोण जाणे.

दुसरा उलटा. रेव्हनग्लासच्या खाडीत काळ्या डोक्याच्या कुरवांची मोठी वसाहत होती, हजारो जोड्या. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती मोडली. खाडीच्या गाळात सेलाफील्डच्या सांडपाण्याचा अंश होताच, त्यामुळे लोकांनी लगेच दोन अधिक दोन केले. पण पक्ष्यांच्या आणि अंड्यांच्या मात्रा मोजल्यावर त्या इजा होण्याच्या पातळीपेक्षा फारच कमी निघाल्या. संशय कोल्ह्यांसारख्या शिकाऱ्यांवर आणि गोंधळावर गेला. म्हणजे प्राणी गेले की किरणोत्सार हा आयता आरोपी असतो. मूल्यांकन कधीकधी आरोपीला सोडवण्यासाठीही लागतं.

---

धोंडोपंत_ऑनलाइन (रविवार, सायंकाळी ५.०२)

हेच तर मी म्हणतोय! कुरवांच्या किश्शाबद्दल धन्यवाद.

---

बेळगावी_कुंदा (रविवार, सायंकाळी ५.१०)

काका, कबुतरांच्या किश्शाबद्दलही आभार माना की.

---

ट्रायसिटीकर (सोमवार, सकाळी ६.४५)

कुंदा, दोन्ही किस्से बरोबर जागी आले. आता सॅल्मनचं, कालच सांगणार होतो.

हॅनफर्डच्या भट्ट्या नदीच्या पाण्याने गार करायच्या. पाइप गंजू नयेत म्हणून त्या पाण्यात सोडियम डायक्रोमेट घालायचे, पोत्यांनी. गळतीतून, सांडपाण्यातून ते भूजलात गेलं. षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप. भूजल कोलंबियाच्या तळातून वर झिरपतं, आणि नेमकी तिथेच, खडीच्या फटींत, चिनूकची मादी शेपटीने खड्डा करून अंडी घालते. पिल्लं अंड्यातून निघून कित्येक आठवडे त्या खडीतच असतात. म्हणजे नदीच्या मधल्या पाण्याचा नमुना घेऊन भागत नाही. अंडं जिथे आहे तिथलं, खडीतलं पाणी घ्यावं लागतं. तिथे नदीचं पाणी किती आणि भूजल किती हे धरणातून सोडलेल्या पाण्यानुसार दिवसात बदलतं. नमुना सकाळी घेतला की संध्याकाळी, यावर आकडा ठरतो.

आता मर्यादा बघा. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची केंद्राची मर्यादा लिटरला १०० मायक्रोग्रॅम. हॅनफर्डच्या सफाईत नदीतल्या जिवांसाठी षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा धरली ती १०. माशाची मर्यादा माणसापेक्षा कडक! १९७७ चं ते 'माणूस वाचला की सगळे वाचले' इथे सपशेल पडतं, आणि तेही किरणोत्सर्गी नसलेल्या पदार्थाबाबत. नदीकाठच्या भागात वर्षानुवर्षं भूजल उपसून, क्रोमियम काढून, परत जमिनीत सोडण्याची जी यंत्रणा चालली आहे तिच्यामागचं मोठं कारण हे आहे.

किरणोत्सर्गी कचऱ्याच्या जागी मूल्यांकन करताना फक्त गायगर (किरणोत्सार मोजणारं यंत्र) घेऊन जाणारा माणूस अर्धं काम करून येतो. युरेनियमचंही तेच: बऱ्याच जिवांना त्याचा किरणोत्सार बाधण्याआधी त्याचं रासायनिक विष बाधतं, जसं कुठल्याही जड धातूचं.

अजून एक कटकट, जिच्यावर आमच्या धंद्यात उघडपणे कमी बोललं जातं. सफाईसुद्धा इजा करते. सेजब्रशचं जुनं रान एकदा खरवडलं की परत यायला दशकं लागतात, आणि मोकळ्या जमिनीवर आधी येतं कोण? तोच रशियन थिसल. मागे एका प्रकल्पात (नाव सांगत नाही) आमच्याकडून फक्त 'कचरा ठेवला तर धोका किती' हा तक्ता मागवला होता. 'उचलला तर धोका किती' हा तक्ता जोडला तर तो कामाच्या कक्षेबाहेर म्हणून परत आला. दोन्ही तक्ते शेजारी ठेवल्याशिवाय निर्णय कसला घेता?

---

ऐरोलीकर (सोमवार, सकाळी ९.३०)

उत्तम चर्चा. आता घरचं विचारतो, राजकारण न आणता. ऐरोली-भांडुपच्या खाडीत हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांची) आलं. खाडीच्या तोंडाशी ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र. तिथून प्रक्रिया केलेलं कमी पातळीचं सांडपाणी मर्यादेत राहून खाडीत सोडतात हे सर्वश्रुत आहे. मग त्या बारा जिवांच्या यादीत फ्लेमिंगो कुठे बसतो? आणि आमच्या निवट्या (चिखलावर सरपटणारे मासे)? तिवरं?

---

ट्रायसिटीकर (सोमवार, रात्री ८.२२)

@ऐरोलीकर, मी ट्रॉम्बेचं काम केलेलं नाही, त्यामुळे पद्धतीपुरतं बोलतो.

आपल्याकडे जास्त पातळीचा कचरा बोरोसिलिकेट काचेत वितळवून बंद करतात. तारापूर, ट्रॉम्बे, कल्पाक्कम या तिन्ही ठिकाणी ते संयंत्र आहे. कमी पातळीचा घन कचरा जमिनीलगतच्या काँक्रीटच्या चरांत जातो. अणुऊर्जा नियामक मंडळ सोडण्याची मर्यादा ठरवतं ती माणसाच्या वार्षिक १ मिलीसिव्हर्टच्या (माणसाला मिळणाऱ्या मात्रेचं माप) हिशेबात. म्हणजे पाया माणसाचाच. प्रत्येक केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते, मासे, गाळ, पाणी तपासते, आणि खाडीतल्या गाळातल्या सिझियमवर भाभा केंद्राच्याच शास्त्रज्ञांचे निबंध प्रसिद्ध आहेत. त्यामुळे मोजतच नाहीत हा आरोप चुकीचा.

फ्लेमिंगोला यादीतलं बदक लावतील. आकाराने फार बिघडत नाही. बिघडतं ते खाण्यात. फ्लेमिंगो चोच उलटी घालून चिखलपाणी गाळून खातो. सिझियम चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसतं. तेव्हा या पक्ष्याच्या पोटात पाण्यापेक्षा गाळाचा आकडा जास्त जातो, आणि पाण्याच्या आकड्यावरून बदकाचं गुणोत्तर (पाण्यातलं किती अंगात येतं ते) लावलं तर उत्तर चुकीच्या दिशेला जाऊ शकतं. उलट बाजूही सांगतो: खाऱ्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असल्याने मासे सिझियम कमी उचलतात, गोड्या पाण्यातले मासे कितीतरी जास्त. म्हणून खाडीतले आकडे मुळातच कमी यायची शक्यता जास्त.

निवटीचं प्रकरण मला सगळ्यात रोचक वाटतं. भरतीला बिळात, ओहोटीला चिखलावर, अंग कायम ओल्या गाळाला चिकटलेलं. आतून कमी, बाहेरून जास्त. यादीतला चपटा मासा तळावर पडून असतो, त्यातल्या त्यात तोच जवळचा. आणि तिवराला तर यादीत कुणीच नाही. पाइन लावणार का? या पद्धतींमधले बहुतेक आकडे थंड हवेच्या युरोप-अमेरिकेतून आलेत. आपल्या खाड्यांसाठी कुणी निवटी, चिंबोरी, तिवराची पानं, फ्लेमिंगोची पिसं-विष्ठा यांचे आकडे एकत्र जमवले तर ते जगाला उपयोगी पडतील.

---

उप्सालावाला (सोमवार, रात्री ११.०८)

स्वीडनहून. आमच्याकडे फोर्समार्कला वापरलेल्या इंधनाची कायमची साठवण होतेय: ५०० मीटर खोल खडकात, पाच सेंटिमीटर जाड तांब्याचे डबे, भोवती बेंटोनाइट माती. २०२२ मध्ये सरकारची मंजुरी, २०२४ मध्ये पर्यावरण न्यायालयाची, जानेवारी २०२५ मध्ये काम सुरू. नियमातच लिहिलंय की जैवविविधतेचंही रक्षण झालं पाहिजे, नुसतं माणसाचं पुरत नाही.

आता हिशेबातली मजा. इथली जमीन दरवर्षी सुमारे ६ मिलिमीटर वर येतेय. हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यापासून ती उसळतेच आहे. म्हणजे आज जिथे समुद्रतळ आहे तिथे हजार वर्षांनी तळं, मग दलदल, मग कदाचित शेत. डबा गळलाच आणि आयोडिन-१२९ किंवा रेडियम-२२६ वर आलंच, तर ते कुणाच्या अंगात जाणार? आज उत्तर चपटा मासा, पुढे बेडूक, त्याही पुढे मूस किंवा गाय. दलदलीत असले पदार्थ हजारो वर्षं साठू शकतात आणि कुणी ती निचरा करून नांगरली की एकदम हाती लागतात. इथे दहा लाख वर्षांचा विचार करतात, मधे हिमयुगं धरून. प्राण्यांच्या मात्रा तरीही १० मायक्रोग्रेच्या चाळणीच्या बऱ्याच खाली आल्या.

मग खरा त्रास कुणाला? एका छोट्या हिरव्या बेडकाला. तिथल्या तळ्यांत दुर्मीळ गोलग्रोडा राहतो. बोगदे खणले की भूजल आत झिरपतं, वरची पाणथळ जागा कोरडी पडू शकते. म्हणून कंपनीने बेडकांसाठी नवी तळी खणली, पाणथळीत पाणी सोडायची सोय योजली. दहा लाख वर्षांचा किरणोत्सार कागदावर पास, आणि बेडूक अडकला तो बांधकामात!

---

धोंडोपंत_ऑनलाइन (मंगळवार, सकाळी ८.१५)

उप्सालावाला, प्रतिसाद आवडला. ट्रायसिटीकर, प्राणी माल वाहून नेतो हा तुमचा मुद्दा मला पटतोय, भीतीचा नाही. पण पटला तरी करायचं काय? प्रत्येक चरावर पहारेकरी बसवणार?

---

ट्रायसिटीकर (मंगळवार, सायंकाळी ६.५०)

काका, पहारेकरी नको, दगड हवेत. वरच्या आवरणात मोठ्या दगडगोट्यांचा थर टाकला की बॅजरला खणता येत नाही. हॅनफर्डला असं थराथराचं आवरण करून वर्षानुवर्षं तपासलंय: वर गाळाची माती आणि गवत, म्हणजे पावसाचं पाणी झाडंच पिऊन टाकतात, खाली वाळू-खडी, त्याखाली दगड. जागेची निवड करताना तिथे खणणारे प्राणी कोण, सगळ्यात खोल मूळ कुणाचं, क्षार चाटायला कोण येतं, उघड्या तळ्यावर कुठले पक्षी उतरतात, हे चार प्रश्न मात्रेच्या गणिताआधी विचारायचे. भूगर्भतज्ज्ञाला बोलावता तसा स्थानिक शिकारी, मेंढपाळ, कोळी यांनाही बोलवा. बीळ कुठे पडतं ते त्यांना ठाऊक असतं.

आणि कचऱ्यात मीठ-साखर असेल तर ती जनावराला लागणार, हे गृहीत धरायचं.

---

चिमणघास (मंगळवार, रात्री ९.३३)

मी एमएस्सीला आहे, प्रकल्पाचा विषय शोधतेय. एरिका विकत घ्यावी लागते का? आणि खाडीचं करायचं तर सुरुवात कशाने?

---

ट्रायसिटीकर (बुधवार, सकाळी ७.०५)

फुकट मिळते, उतरवून घे. सुरुवात गाळाने कर. एकाच जागी पावसाळ्याआधी आणि नंतर, वरचे पाच सेंटिमीटर वेगळे आणि खालचे वेगळे. सोबत त्याच चिखलातली निवटी आणि चिंबोरी, आतड्यातला गाळ काढून आणि न काढता, दोन्ही. तो फरकच तुझा अर्धा प्रबंध आहे. गॅमा मोजणीची सोय कुठल्या विभागात आहे ते मार्गदर्शकांना आधी विचार. फ्लेमिंगोला हात लावायला वनखात्याची परवानगी लागेल, त्याचा नाद पहिल्या वर्षी नको.

---

ऐरोलीकर (बुधवार, सकाळी ७.४०)

चिमणघास ताई, निवट्या दिवाळे गावच्या कोळणींकडून मिळवून देतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. भरतीचं वेळापत्रकही पाठवतो, नाहीतर चिखलात गुडघाभर रुतून बसाल.